पुढचा शाफ्ट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले दोन महिने आरटीओ, मेस्त्री आणि आमचे आबा या तिघांच्या कात्रीत गेले. कारण आमची जीप. घरच्या लग्नाकार्यात जे तिच्या मागच्या बाकड्यावर आपटत गेलेत, त्यांना ती माहीत आहेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात ओळख: १९९० सालची एमएम ५४०, प्युजो बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चार गिअर, पुढं-मागं पाटे, आणि मधे दोन जादा लिव्हर. आबांनी १९९८ साली एका साखर कारखान्याच्या लिलावात घेतली. तेव्हापासून गगनबावड्याच्या अलीकडं आमच्या गावी आहे. तिच्या कागदांची मुदत २०२५ च्या डिसेंबरात संपत होती, त्यामुळं 'आता हिचं काय करायचं' हा प्रश्न दिवाळीत सगळे जमले असताना निघाला आणि फराळाचं ताट तसंच राहिलं.

धाकट्याचं म्हणणं, भंगारात घाला. ताईचं म्हणणं, अंगणात उभी करून ठेवा, आबांना बघायला. पुण्याच्या चुलतभावाचं म्हणणं सगळ्यात भारी: "मला दे, मी मोठे टायर टाकून, मॅट काळा रंग मारून तिला लोणावळ्याला नेतो." आबा काहीच बोलले नाहीत. ते हल्ली गाडी चालवत नाहीत, ८१ वर्षांचे आहेत, पण रोज सकाळी तिच्याखाली वाकून तेल पडलंय का बघतात.

मी या वादात माझं मत तिथं धड मांडू शकलो नाही, म्हणून इथं मांडतोय. आत्या आणि धाकटा दोघंही वाचणार, हे धरूनच.

पहिली गोष्ट म्हणजे जुनी फोर-व्हील गाडी स्वस्त पडते हा गैरसमज आहे. मी २०१६ पासून वहीत सगळं मांडून ठेवतो. त्याची बेरीज परवा केली. दहा वर्षांत डिझेल सोडून दोन लाख बावन्न हजार. त्यातले अठ्ठावन्न हजार इंजिनकामाचे, एक्केचाळीस हजार पत्र्याचे आणि रंगाचे, साडेसव्वीस हजार पाच टायरचे. बाकी सगळं फुटकळ: क्लच प्लेट, किंगपिन, नोझल, रेडिएटरची जाळी, दोन बॅटऱ्या, आणि दरवर्षीचं ऑइल, फिल्टर, ग्रीस. म्हणजे वर्षाला पंचवीस हजार झाले. त्यावर विमा. दीड हजार सीसीच्या वरच्या खासगी गाडीला नुसता थर्ड पार्टीचा हप्ता २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ७,८९७ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी. गाडी ऐंशी हजारांची असो नाहीतर ऐंशी लाखांची, हा आकडा तोच. मग नोंदणीचं नूतनीकरण. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. त्याची फी पूर्वी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. शिवाय पर्यावरण कर वेगळा, आणि नव्या नियमाची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट ७४५ रुपये अधिक कर.

आमची जीप वर्षाला जेमतेम अठराशे किलोमीटर चालते. मी भागाकार केला. डिझेल धरण्याआधीच किलोमीटरला वीस रुपये. लिटरला अकरा किलोमीटर देते, म्हणजे वर डिझेलचे आठ. एवढ्यात कोल्हापुरातून भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट दारात येते आणि तिच्यात पाठ दुखत नाही. तेव्हा 'काय खर्च आहे हिला, दगड आहे दगड' असं कुणी म्हणालं की मी वही पुढं करतो.

(धाकट्या, इथवर वाचून खूश होऊ नकोस. पुढं वाच.)

आता दुखण्यांविषयी. लोक मला नेहमी विचारतात, "पार्ट मिळतात का हिचे?" मिळतात की! दिल्लीच्या मायापुरीपासून आमच्या उद्यमनगरापर्यंत सगळं मिळतं, आणि जे मिळत नाही ते उद्यमनगरात लेथवर करून मिळतं. विचारायला पाहिजे ते हे, की ते बसवणारा माणूस किती वर्षांचा आहे? आमचे मेस्त्री ६८ वर्षांचे. कानानं ऐकून सांगतात की आवाज क्रॉसचा आहे का डिफरन्शियलचा. त्यांचा मुलगा हुशार आहे, पण त्याच्या हातात स्कॅनर असतो आणि आमच्या जीपला स्कॅनरची पिन लावायला जागाच नाही. गाडीचं आयुष्य चॅसीवरच्या नंबरावर नाही, मेस्त्रींच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे, असं मी धाकट्याला सांगितलं तर तो हसला. मेस्त्री मात्र हसले नाहीत.

या गाड्यांचं सगळ्यात महाग दुखणं म्हणजे पाणी. रेडिएटरचं. आमचं २०१६ चं इंजिनकाम कशानं निघालं? वॉटर पंपाच्या सीलमधून थेंब थेंब पाणी जात होतं. रोज सकाळी लिटरभर घालायचो आणि पुढं जायचो. सुधारू, सुधारू करत मे महिन्यात करूळ घाटात काटा लालवर गेला. थांबलो असतो तर वाचलो असतो. पण 'वर चहा घेऊ' म्हणून तसाच रेटला. हेड गॅस्केट गेली. खोललं तर कळलं की लायनरखालची सीलंही गेली आहेत. या इंजिनाचे लायनर ओले असतात, म्हणजे त्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. खालचं रबर गेलं की पाणी ऑइलात. डिपस्टिक काढली तर त्यावर दुधाचा चहा. दोनशे-तीनशे रुपयांच्या सीलचे अठ्ठावन्न हजार झाले ते असे.

दुसरं, सकाळी सुरू न होणं. याला लोक लगेच बॅटरी बदलतात. बहुतेक वेळा बॅटरीचा काही दोष नसतो. एक तर हीटर प्लग गेलेले असतात, नाहीतर डिझेलच्या जुन्या रबरी पाइपातून रात्रभरात हवा शिरलेली असते. हातपंप मारून हवा काढली की गाडी सुरू होते, आणि माणूस पाइप बदलायचं विसरतो. मी हे तीन हिवाळे केलं.

तिसरं म्हणजे स्टेअरिंग. पन्नाशीच्या वेगात एखाद्या खड्ड्यातून चाक गेलं की सगळं पुढचं अंग थडथडायला लागतं, स्टेअरिंग हातात राहत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा शेजारी बसलेल्या आत्यानं जोतिबाला नवस बोलला होता. किंगपिनची बेअरिंगं झिजलेली, टायरॉडचे एंड ढिले, चाकाचं बॅलन्सिंग नाही. यातलं एक नीट केलं की दुसरं बोलतं, म्हणून सगळं एकदमच करावं. इथं मला चुलतभावाच्या मोठ्या टायरांविषयी बोलायचंय. ड्रमब्रेकच्या, एवढ्याशा किंगपिनच्या गाडीला रुंद, जड टायर लावले की ते स्टेअरिंग आणि बेअरिंगं खातात, गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं, आणि गिअरचं गणित बिघडून घाटात इंजिन रडतं. फोटो छान येतात, हे मान्य. :)

चौथं, तेल गळणं. ट्रान्स्फर केस, पुढच्या चाकांचे गोळे, सगळीकडून. 'जीप गळत नसेल तर तिच्यात तेल संपलंय' हा विनोद प्रत्येक गॅरेजवाला आपण स्वतः रचल्यासारखा सांगतो. मलाही त्यात गंमत वाटायची. पण गळती नुसती जमीन खराब करत नाही. आमच्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांत नाही. तो ट्रान्स्फर केसच्या मागं, शाफ्टवरच्या ड्रमवर आहे. तिथलं ऑइल सील गळायला लागलं की तेल सरळ हँडब्रेकच्या लायनिंगवर. मग हँडब्रेक ओढा नाहीतर नका ओढू, उतारावर गाडी निघाली आपली. आम्ही इतकी वर्षं चाकाखाली दगड लावत आलो आणि त्याला 'जीपची पद्धत' म्हणत आलो. पासिंगला इन्स्पेक्टरनं चढावर हँडब्रेक लावून सोडायला सांगितलं, तेव्हा खिशात दगड नव्हता.

आता मूळ गोष्टीकडं येतो. हे मी अजून कुठं लिहिलेलं नाही, घरात फक्त आबांना आणि बायकोला माहीत आहे.

ही फोर-व्हील गाडी सदासर्वकाळ चारही चाकांवर चालत नाही. एरवी मागची दोन चाकंच ओढतात. चिखलात लिव्हर टाकला की पुढचा शाफ्ट जोडला जातो. डांबरी रस्त्यावर चार चाकांत चालवू नये, कारण वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो फरक पचवायला मधे काही नसतं. सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांवर बसतो. मग लिव्हर अडकतो, काढता निघत नाही, थोडं रिव्हर्स घेतल्यावर सुटतो. म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी पाचेक दिवस ज्याचा उपयोग, असा अर्धा सांगाडा आपण गाडीखाली वागवत असतो. तो शाफ्ट, त्याचे दोन क्रॉस, पुढचा डिफरन्शियल, चाकांतले जॉइंट. त्यांना ग्रीस लागतं, तेल लागतं, आणि त्याबद्दल ते वर्षभर काही देत नाहीत.

२०१७ साली पुढच्या शाफ्टचा क्रॉस आवाज करायला लागला. नवा बसवायचा तर सातशे रुपये आणि मजुरी. मी कुणाकडून तरी ऐकलं होतं की शाफ्ट काढूनच ठेवला तर गाडी हलकी पळते, डिझेल वाचतं. बरेच जण काढतातही. मी एका रविवारी स्वतःच खाली झोपून आठ बोल्ट काढले आणि शाफ्ट गोठ्यात नेऊन ठेवला. 'पावसाआधी लावू.' आबा तेव्हा ताईकडं मुंबईला होते. त्यांना सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे सांगितलं नाही.

पावसाळा आला आणि गेला. पुढचाही गेला. गाडी खरोखर हलकी पळत होती.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला आठवत असेल. कोल्हापूर, सांगली पाण्यात होतं, टीव्हीवर सगळे शिरोळ दाखवत होते. आमच्याकडं वर पाऊस थांबत नव्हता, कुंभीचं पाणी रस्त्यावर आलेलं, कोल्हापूरची बाजू बंद. रात्री साडेदहाला वरच्या वस्तीवरून दोघं भिजत आले. त्यांच्या सुनेला कळा सुरू झालेल्या, दिवस भरायला अजून अवकाश होता, आणि रक्त जात होतं. फोन लागत नव्हता. गगनबावड्याची बाजू उघडी होती, पण वस्ती ते डांबरी रस्ता हा आमचा तांबड्या मातीचा चढ-उताराचा गाडीवाट. आबा तेव्हा ७५ चे, चालवायला तेच बसले. मी शेजारी.

वस्तीवर पोचलो ते कसेबसे. तिला मागं झोपवलं, सासूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. परतताना ओढ्यानंतरच्या चढाला मागची चाकं फिरायला लागली. आबांनी शांतपणे गाडी थांबवली, दोन्ही लिव्हर टाकले, लो मधे घेतली आणि क्लच सोडला. मागची चाकं आणखी जोरात फिरली. गाडी तिरकी झाली. आबांना कळेना. लो टाकल्यावर दुप्पटीहून अधिक ताकद येते, आणि ती सगळी त्या दोनच चाकांना जात होती, दुसरीकडं जायला वाटच नव्हती. त्यांनी पुन्हा केलं. मग इंजिन चालू ठेवून ते उतरले, बॅटरी घेऊन पुढं वाकले, आणि उठून माझ्याकडं बघत म्हणाले, "पुढचा शाफ्ट कुठाय?"

मी म्हटलं, "गोठ्यात."

ते काही बोलले नाहीत. मागून ती पोरगी कण्हत होती. मी पळत गावात गेलो, एकाला उठवून ट्रॅक्टर आणला, दोर लावून जीप वर ओढली. यात पाऊण तास गेला. पुढं डांबरी रस्त्याला काही अडचण आली नाही. दवाखान्यात डॉक्टर हजर होते, सगळं निभावलं. मुलगी झाली. यंदा ती पहिलीत आहे आणि आमच्या अंगणात येऊन जीपचा हॉर्न वाजवते.

सगळं चांगलं झालं, म्हणून लोक त्या रात्रीची गोष्ट 'आबांनी पुरात जीप काढली' अशी सांगतात. माझ्या डोक्यात मात्र तो पाऊण तास आहे.

पुढच्या आठवड्यात शाफ्ट बाहेर काढला. आता नुसत्या क्रॉसवर भागणार नव्हतं. दोन वर्षं शेणाच्या दमट हवेत पडून दोन्ही क्रॉस जाम झालेले, सरकणारा जोड गंजून एकजीव झालेला. बत्तीसशे रुपये लागले. मेस्त्री घणानं ठोकता ठोकता म्हणाले, "सायब, गाडी पळून झिजत न्हाई एवढी, हुबी ऱ्हाऊन झिजतीया." मी आबांचा काय राग येईल म्हणून तिथंच घुटमळत होतो. आबांनी मला ग्रीसगन दिली आणि निपल कुठं कुठं आहेत ते एकेक करून दाखवले. एकूण किती ते मला तोवर माहीत नव्हतं.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गावी जातो. ओल्या शेतात नेऊन दोन किलोमीटर चार चाकांत चालवतो, लोमधे घेतो, परत काढतो. ओढ्यातून गेलो असलो तर दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा खालचा बूच थोडा ढिला करून बघतो. तापलेलं हौसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल पांढरट निघालं तर त्याच दिवशी बदलायचं. यात काही मर्दुमकी नाही, कपडे खराब होतात, आणि बायको म्हणते की तेवढ्या रविवारात मुलाचा अभ्यास झाला असता. तिचंही खरं आहे.

तर माझं मत असं. शहरात राहणाऱ्या कुणीही हौसेनं जुनी फोर-व्हील घेऊ नये. फिरायचं असेल तर भाड्यानं घ्या, नाहीतर पैसे असतील तर नवी थार घ्या. दहा लाखांच्या पुढं जाईल, पण पहिली पाच वर्षं गाडीखाली झोपावं लागणार नाही. आमच्या चुलतभावाला मी जीप देणार नाही, त्याला राग आला तरी. ताईचंही ऐकणार नाही. अंगणात उभी करून ठेवणं म्हणजे गोठ्यातला शाफ्टच, फक्त मोठा. आणि धाकट्या, तुझं भंगाराचं म्हणणं हिशेबानं बरोबर आहे. ज्या वर्षी वस्तीपर्यंत डांबर होईल, किंवा मेस्त्री हात टेकतील, त्या वर्षी मी स्वतः नेऊन घालीन. पण वस्तीच्या रस्त्याची आश्वासनं मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, आणि पावसाळ्यातल्या रात्री त्या चढावर भाड्याची गाडी किलोमीटरला किती घेते ते विचारून बघ. तोवर वर्षाला छत्तीस-सदतीस हजार हा गाडीचा खर्च मी धरत नाही. वस्तीवरच्या अकरा घरांचा आणि आपला मिळून तो खर्च आहे, असं धरतो. यंदा मी हे त्या घरांत बोलून दाखवलं, जरा संकोचानंच. नऊ घरांनी टायरसाठी पैसे दिले. एकानं दिले नाहीत पण तेल बदलायला येऊन मदत केली. एक अजून विचार करतोय.

पासिंगचं सांगायचं राहिलं. पहिल्या वेळी हँडब्रेकवर नापास झालो ते वर लिहिलंच. इन्स्पेक्टर काही वाईट वागला नाही, म्हणाला, "काका, ब्रेक करून आणा, बाकी गाडी छान ठेवलीय." तो आबांना म्हणाला, मला नाही. मागचं सील बदललं, लायनिंग नवीन टाकलं, आठवड्यानं परत नेली. आबा हट्टानं बरोबर आले. चढावर इन्स्पेक्टरनं सोडायला सांगितलं, मी ब्रेकवरचा पाय उचलला, आणि पस्तीस वर्षांची जीप जागची हलली नाही. आबा उतरून मागच्या चाकाशी जाऊन उभे राहिले होते. हातात दगड होता. गाडी थांबलेली बघून त्यांनी तो हळूच कडेला टाकला.

कागद २०३० पर्यंत झाले. पुढच्या शनिवारी डाव्या गोळ्याचं सील आणायला उद्यमनगरात जाणार आहे. आत्या, तुझ्या मिक्सरचं भांडं तिथंच दुरुस्तीला टाकलंय ना, पावती पाठव, येताना घेऊन येतो.